पूर्वेकडे सव्वादोन इंच

आत्याची खोली पूर्वेकडे सव्वादोन इंच कलली.

हे एकदाच सांगून टाकलं. आता विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. खोली सरळ आहे. खरं म्हणजे ती अजून बांधलेलीच नाही. घरामागे रिकामं अंगण आहे, सकाळचे नऊ वाजलेत, आणि ओळंबा टेबलावर हात आपटून सांगतोय, "आत्या, तुझ्या खोलीचा पाया मी निवडणार! शंभर वर्षं जागची हलणार नाही!"

ओळंबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून लोंबकळत सोडतो, तो ओळंबा. हाही तसाच. उंच, किडकिडीत, मान खाली, आणि कुठेही उभा केला की स्थिर व्हायला थोडा वेळ लागणारा. दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, लहानपणी ठेवलेलं हे नाव पुढे इंजिनियरची पदवी मिळाली तरी सुटलं नाही, उलट शोभायला लागलं. ऑफिसात दोन वर्षांत त्याच्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं बांधकाम म्हणजे एका बंगल्याची टपालपेटी. पाया मात्र असा घातला होता की पुढे बंगला पाडला, पेटी पडली नाही. पोस्टमन अजून तिच्यात पत्रं टाकतो.

आत्या म्हणजे बाबांची बहीण. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून दमलेली. घरात खोल्या मोजक्या आणि माणसं दाटीवाटीची, त्यामुळे आत्याची खाट पॅसेजमध्ये. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर, मध्ये आत्या. दुपारी ती जरा लवंडली की कुणी तिच्या पायांना वळसा घालून जाई, कुणी वरून ढांग टाकून. तीस वर्षांत तिच्यावरून इतकी माणसं गेली, की ती रस्ता असती तर एव्हाना तिला कुणाचं तरी नाव मिळालं असतं.

"मला झोप लागते रे," ती म्हणायची, "पण स्वप्नं तुकड्यातुकड्यांत पडतात. चिंध्यांसारखी. एकदा तरी ताग्यातून काढलेलं अख्खं स्वप्न बघायचंय मला. खोली लहान असू दे. फक्त तिला दार हवं. आतून लावता येईल असं."

हे ऐकून घरातल्या प्रत्येकाचे डोळे पाणावले होते, आणि डोळे पुसायला प्रत्येकजण तिच्या अंगावरूनच न्हाणीघरात गेला होता.

तर, पाया. ओळंब्याने आधी परीक्षेचा खड्डा खणायला घेतला. "जमीन न बघता पाया निवडणं म्हणजे पाय न बघता बूट घेणं," तो म्हणाला. मदतीला गवंडी होता. आयुष्यात शेकडो घरं बांधलेला आणि एकाही नकाशावर विश्वास नसलेला माणूस. त्याने अंगणात टाच आपटली, कान दिला आणि म्हणाला, "पोकळ बोलते. भराव आहे."

"टाचेने कळत नाही, मिस्त्री. शास्त्र असतं."

"मग शास्त्राने खणा. मी बसतो."

शास्त्राने खणलं. पहिल्या फुटात माती निघाली. दुसऱ्या फुटात कपबश्या, बहुतेक बिनकानाच्या. तिसऱ्या फुटात सात बूट, सगळे डाव्या पायाचे. एके काळी इथे मोठा खळगा होता आणि अख्खी गल्ली त्यात नको ते टाकायची, हे बाबांना तेव्हा आठवलं. चौथ्या फुटात एक बरणी निघाली. झाकण घट्ट, आत दादाचं नववीचं प्रगतिपुस्तक.

बाबांनी चष्मा लावला. "गणितात अकरा?"

"बाबा, आता माझं लग्न झालंय!"

"सूनबाईला माहीत होतं?"

"मला 'हुशार' म्हणून सांगितलं होतं," वहिनी म्हणाली आणि बरणी धुवायला घेऊन गेली. चांगली होती बरणी.

पाचव्या-सहाव्या फुटातही भरावच. मग गवंड्याने खड्ड्याच्या तळाशी लांब सळई ठोकली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली, गेली, आणि जमिनीपासून नऊ फुटांवर ठण्ण वाजली. खाली खडक होता. ओळंब्याने वहीत लिहिलं, 'नऊ फूट: ठण्ण.'

संध्याकाळी टेबलाभोवती घर जमलं. ओळंब्याने खडू घेतला. खडू आत्याचाच, कापडावर खुणा करायचा.

"पाया चार तऱ्हांचा असतो," तो म्हणाला. "पहिला सुटा. प्रत्येक खांबाखाली आपापलं वेगळं फूटिंग, म्हणजे काँक्रीटची बैठक."

"बटणं," आत्या म्हणाली.

"अं?"

"बटणंच की. कापड घट्ट असेल तर टिकतात. विरलेल्या कापडावर एक वर, एक खाली, मधे सुरकुती."

ओळंबा चपापला. पुस्तकात हेच चार पानांत दिलं होतं. "बरोबर! एक खांब खचला, दुसरा नाही खचला, की भिंतीला तडा. दुसरा पट्टीचा पाया. अख्ख्या भिंतीखाली सलग पट्टी."

"कमरपट्टी. तीही कापड बघूनच लावायची."

"तिसरा पाइल. मऊ जमिनीतून खांब थेट खाली खडकापर्यंत न्यायचे."

"लांब सुईचा टाका. अस्तर, कापूस, सगळं ओलांडून पार तळाच्या कापडापर्यंत."

"आत्या, तू कुठल्या कॉलेजात होतीस?"

"मी पॅसेजमध्ये होते. चौथा सांग."

"चौथा राफ्ट. खोलीच्या सगळ्या अंगाखाली एकच जाड काँक्रीटची लादी. वजन पसरतं, जमिनीला कुठेच टोचत नाही. मऊ जमिनीवर खोली तराफ्यासारखी तरंगते म्हण."

आत्याचा हात टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या सपाट करता करता थांबला. "तरंगते?"

"म्हणायला."

"पाइल बेस्ट," दादा म्हणाला. नववीनंतर त्याला काहीतरी ठाम बोलणं भाग होतं.

"बेस्ट आहेच," गवंडी म्हणाला, "पण पाइलचं यंत्र या गल्लीत शिरायचं तर आधी समोरच्यांचं घर बाहेर काढावं लागेल. एवढ्याशा खोलीला राफ्ट बास."

आत्याने एकच विचारलं, "आणि समजा, हा तराफा खचलाच, तर?"

"तर अख्खा मिळून खचेल. खोलीला तडा जाणार नाही. फार तर एका बाजूला कलेल, पण कलणार नाही, कारण मी आहे!"

"तडा नाही जाणार?"

"नाही."

"मग राफ्टच," आत्या म्हणाली आणि दोऱ्याचं रीळ गुंडाळून ठेवलं. या संवादाकडे तेव्हा कुणीच लक्ष दिलं नाही. आपणही देऊ नये.

आता राहिला वजनाचा हिशेब. पाया निवडताना दोन गोष्टी लागतात. खाली काय आहे, आणि वर काय येणार आहे. खाली काय आहे ते दादासकट सगळ्यांना कळलं होतं. वर काय येणार, हे ओळंबा दुसऱ्या दिवशी रजा टाकून प्रत्येकाला समोर बसवून, खोदून खोदून विचारणार होता. सकाळी उठून त्याने तक्ता आखला. 'या खोलीत आपण काय ठेवणार आहात? खरे लिहावे.' मग जेवण झालं. मग ऊन झालं. मग तो शेवटचं माप घ्यायला खड्ड्यात उतरला.

खड्डा सहा फूट लांब, तीन फूट रुंद. आत गार. मातीला जुन्या बुटांचा आणि ओल्या सावलीचा वास. वर निळ्या आकाशाचा एक नीट कापलेला तुकडा, जणू कुणी बेतून ठेवलाय. जमिनीचं म्हणणं ऐकावं म्हणून ओळंब्याने कान टेकला. मग डोकं टेकलं. मग राहिलेला सगळा ओळंबा टेकला.

स्वप्नात तो बूट विकायला बसला होता. दुकानाबाहेर घरांची रांग. सगळी अनवाणी. दुमजली घरं खिडक्या मिटून ताटकळत होती, एक शाळा पायरी चोळत होती, आणि एक अगदी लहान टपालपेटी मोठ्या आवाजात सांगत होती, "मला बघा, मला यांनीच दिले, अजून झिजले नाहीत!" प्रत्येक घर हळूच पाय पुढे करी. ओळंबा तळवा दाबून विचारी, "मऊ की टणक?" मऊ तळव्यांना तो रुंद चपला देई, टणकांना छोट्या टाचा. रांगेच्या शेवटी एक खोली होती. एकच दार, तेही नवंकोरं. "मला बूट नकोत," ती लाजून म्हणाली, "मला पाण्यात जायचंय."

नेमकं तेव्हाच शेजारच्या काकांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. सहा बाय तीनचा खड्डा. आत ओळंबा. उताणा, छातीवर वही.

अर्ध्या तासात गल्ली जमली. कुणी म्हणालं, शांत चेहरा आहे. कुणी म्हणालं, कुणाला त्रास दिला नाही, स्वतःच खणून ठेवला. ऑफिसात फोन गेला, आणि स्वतः साहेब आले! त्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून दोन मिनिटं मान खाली घातली. मग हळूच वाकून ओळंब्याच्या खिशातला ऑफिसचा टेप काढून घेतला.

टेप निघाला तसा ओळंबा जागा झाला. "साहेब? मऊ की टणक?"

साहेब दोन पावलं मागे गेले ते थेट आत्याच्या तुळशीएवढ्या मिरचीच्या रोपात बसले. उठताना म्हणाले, "जिवंत आहेस तर उद्या ऑफिसात ये." टेप मात्र परत दिला नाही.

या गडबडीत तक्ता घरभर एकटाच फिरला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाने 'खरे लिहावे' वाचलं आणि लाजून खोटं लिहिलं. दादाने लिहिलं, 'काही नाही.' वहिनीने लिहिलं, 'काही नाही, आत्यांचीच खोली आहे.' बाबांनी लिहिलं, 'एखाद-दुसरा कागद.' आत्याने लिहिलं, 'मी. खाट. उशी (हलकी).'

ओळंब्याने बेरीज केली. इतकं कमी वजन त्याने कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. ढगाला पाया घालायचा असता तरी जास्त भरलं असतं! भरावाचा वरचा थर काढून, मुरूम दाबून, सळयांची जाळी अंथरून त्याने सुबक राफ्ट ओतला. गवंड्याने भिंती चढवल्या. टेप गेलेला, म्हणून मापं सगळी आत्याच्या शिंपीकामाच्या पट्टीने घेतली. गवंडी म्हणाला, जन्मात पहिल्यांदा खोलीची कंबर मोजली.

खोली झाली. दहा बाय बारा. पश्चिमेला दार, पूर्वेला खिडकी. पहिल्या दुपारी आत्या आत गेली आणि दाराची कडी आतून लावली. तो आवाज घरात सगळ्यांनी ऐकला. खट्. तीन तासांनी ती बाहेर आली. गालावर उशीची वीण उमटलेली, डोळे लांब कुठेतरी.

"अख्खं पडलं," ती म्हणाली. "काठासकट."

दुसऱ्या दुपारी दारावर टकटक झाली. दादा होता. हातात व्यायामाचे डंबेल्स, एकूण आठ, घेतल्यापासून कधीच न उचललेले. आत्ता उचलले, एवढंच. "आत्या, फक्त आठवडाभर. तू झोप, मी हळूच ठेवतो."

तिसऱ्या दुपारी वहिनी. "आत्या, तुमच्याकडे पूर्वेची भिंत रिकामीच आहे ना? हे लोखंडी कपाट तेवढं टेकवते. पातेली आहेत, बोलत नाहीत बिचारी." जाता जाता म्हणाली, "आणि छत रिकामंच आहे, तर पाण्याची टाकीही वरच ठेवू म्हणते. पूर्वेच्या कोपऱ्यात. स्वयंपाकघराला धार छान येईल."

हजार लिटरची टाकी! पाणी मोजायला इंजिनियर लागत नाही. हजार लिटर म्हणजे हजार किलो.

चौथ्या दुपारी बाबा आले, एखाद-दुसरा कागद घेऊन. बावीस वर्षांची वर्तमानपत्रं, सुतळीने बांधलेली. "बहिणीच्या खोलीत भावाचा एक कोपरा असतोच," ते भावुक होऊन म्हणाले. पूर्वेचा कोपरा घेतला.

दर वेळी आत्या उठायची, कडी काढायची, 'ठेव बाबा' म्हणायची, कडी लावायची. पुढे पुढे ती कडी लावेनाशी झाली. आठव्या दिवशी वहिनीला पातेलं हवं होतं आणि तिने झोपलेल्या आत्यावरून ढांग टाकली. पॅसेज चालत चालत मागच्या अंगणात आला होता.

ओळंब्याला हे दिसत नव्हतं का? तर इथे एक बारीकसा तपशील सांगणं आलं. कॉलेजात काँक्रीटची ताकद तपासायला ठोकळे करतात. सहा इंच लांब, सहा इंच रुंद, सहा इंच उंच, वजन आठ किलो. ओळंब्याने स्वतः केलेले असे चाळीस ठोकळे आठवण म्हणून जपले होते, खाटेखाली. पाचव्या दुपारी ते त्याने आत्याच्या खिडकीखाली नीट रचून ठेवले होते. तीनशे वीस किलो आठवणी. तक्त्यात त्याने स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. इंजिनियर कशाला भरेल तक्ता?

मग खोलीत गमती सुरू झाल्या. आत्याच्या हातून रीळ पडलं की ते पूर्वेला जाई. खडू पूर्वेला जाई. बटणांचा डबा सांडला तर अडतीस बटणं खिडकीखाली शिस्तीत गोळा होत, शाळा सुटल्यासारखी. कपातला चहा एका काठाला टेकून बसे. दाराचा पडदा भिंतीपासून सुटून हवेत उभा राही, जणू बोटीत वारा भरलाय. आत्या खाटेवरून हे सगळं बघे, आणि कुणालाही काही न सांगता डोळे मिटून घेई. अकरावा दिवस उजाडला. मग गवंडी सहज चहाला आला. त्याने कप ठेवला, चहाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. आत्याने ओठांवर बोट ठेवलं. गवंड्याने चहा संपवला. मुकाट, तिरका.

बाराव्या दुपारी दाराजवळचा एक डंबेल हलला.

आधी त्याने विचार केला असावा. मग गडगडत निघाला. खाटेखालून गेला, रिळाला मागे टाकलं, आणि लोखंडी कपाटावर असा आदळला की दार उघडून मुकी पातेली एकदम बोलायला लागली! झाकणं, कढया, बरणी, सगळी धावत पूर्वेला. त्यांच्या धक्क्याने वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटले आणि बावीस वर्षं जमिनीवर पसरली.

"भूकंप!" बाबा ओरडले.

"भूकंप नाही, खोली बुडतेय!" वहिनी ओरडली. तिला खिडकीची चौकट सरळ आणि क्षितिज वर चढलेलं दिसत होतं. "अहो भावजी! तुमचा तराफा निघाला!"

ओळंबा पाणसळ घेऊन आला आणि त्याने ती लादीवर ठेवली. नळीतला बुडबुडा मध्यावर असायला हवा. बुडबुडा पश्चिमेच्या टोकाला जाऊन चिकटला होता, पाल बघून माणसं भिंतीला चिकटतात तसा. आत्याच्या पट्टीने माप घेतलं. सव्वादोन इंच.

"तडा?" आत्याने खाटेवरूनच विचारलं.

त्याने चारही भिंती चाचपल्या. एक केससुद्धा नाही. खोली अख्खीच्या अख्खी, सगळ्या अंगाने, मान कलती करून झोपली होती.

"बाहेर काढा!" तो ओरडला. "सगळं बाहेर! एका बाजूला वजन झालंय! आणखी एक किलो आलं तर काय होईल सांगता येत नाही!"

काय ते धावणं! दादाने आठही डंबेल्स एका खेपेत उचलले, आयुष्यातला पहिला व्यायाम. वहिनीने टाकी रिकामी करून खाली उतरवली. बाबा कागद कवटाळून पळाले. शेवटी ओळंब्याने चाळीस ठोकळे एकेक करून नेले, मान नेहमीपेक्षा खाली. अर्ध्या तासात खोलीत उरलं काय? आत्या. खाट. उशी, हलकी. तक्त्यात लिहिल्याप्रमाणे.

"सरळ होईल," गवंडी म्हणाला. "पश्चिमेला वाळूची पोती रचा. महिन्याभरात बसते जागेवर."

"उद्याच आणतो," ओळंबा म्हणाला. "आत्या, मी चुकलो. शंभर वर्षं म्हणालो, आणि..."

"पोती आणलीस तर शिवून ठेवीन," आत्या म्हणाली. "तुझ्यासकट."

"पण वाकडी आहे खोली!"

"आहे ना. अशीच राहू दे. सरळ झाली की पातेली परत येतील." तिने पाय ताणले. "वाकडी आहे तोवर कुणी इथे टाचणी ठेवणार नाही. राफ्टला तडा जात नाही, हे तूच सांगितलंस मला. विचारलं होतं की नाही मी?"

ओळंबा गवंड्याकडे वळला. गवंडी छताकडे बघत राहिला.

कडी लागली. खट्.

त्यानंतर त्या दारावर कुणी टकटक केलेलं नाही. भीतीने. वहिनी चहा देते तोही उंबऱ्याबाहेरून, हात लांब करून. आत आत्या झोपते, आणि तिच्या सांगण्यानुसार खोली रोज दुपारी तीनच्या सुमाराला अंगणातून सुटते, कपबश्यांवरून, डाव्या बुटांवरून अलगद तरंगत जाते आणि चहाच्या वेळेला परत येऊन लागते. ओळंबा हे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य मानतो. पण परवा त्याने कुणी बघत नाही असं पाहून खोलीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्याला दोरी बांधून ठेवली.

सगळं सुरळीत होतं, पण शेजारच्या काकांना राहवेना. त्यांच्या तक्रारीवरून नगर कार्यालयातून एक तपासनीस आला. त्याने खोली पाहिली, मान खोलीएवढी कलती केली, आणि नोटीस चिकटवली. 'सदर खोली परिसराशी विसंगत आढळली. दोन्हींतील तफावत दूर करून सात दिवसांत लेखी कळवावे.'

घर हबकलं. दादा म्हणाला, पोती आणा. बाबा म्हणाले, पोती आणा. ओळंबा कागद घेऊन आत्याच्या खाटेशी बसला. पेन पूर्वेला गेलं, ते त्याने आणलं. मग आत्या सांगत गेली, तो लिहीत गेला.

'प्रति, मा. अधिकारी, बांधकाम विभाग, नगर कार्यालय.

विषय: तफावत दूर करणेबाबत.

महोदय, आपल्या नोटिशीस अनुसरून कळविण्यात येते की, सदर खोलीची आम्ही समक्ष तपासणी केली असून तिच्यात कोणताही तडा आढळला नाही. आतील रहिवासी गाढ झोपेत आढळली. परिसराची तपासणी केली असता मात्र तेथे पुष्कळ तडे, पुष्कळ सामान व बेताचीच झोप आढळून आली. दोन्हींतील तफावत सव्वादोन इंच आहे. मापाची पट्टी सोबत जोडली असून ती शिवणकामासाठी तातडीने परत मिळावी. तफावत दूर करण्यास आमची हरकत नाही. तरी उर्वरित शहर पूर्वेकडे सव्वादोन इंच कलते करून आमच्या खोलीस समांतर करून मिळावे, व हे काम दुपारी एक ते चार या वेळेत आवाज न करता उरकावे, ही नम्र विनंती.'